टूसॉनचं पाणी: नळ, बिल आणि रस्त्याकडेचे खड्डे

ॲरिझोनातल्या टूसॉनला लेकाकडे-लेकीकडे निघालेल्या आई-वडिलांना जो तो सांगतो, साग्वारो निवडुंगांचं राष्ट्रीय उद्यान बघा, माउंट लेमनवर जाऊन या, हवाई दलाच्या तळावर हजारो जुनी विमानं उन्हात ओळीनं उभी आहेत ती बघा. बघावंच ते सगळं. पण मी लातूर जिल्ह्यातल्या औशाची. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात झाली आणि घर चाललं ते पाण्याच्या हिशोबावर. त्यामुळे लेकीकडे राहून आल्यावर मला त्या शहराच्या एकाच गोष्टीबद्दल सविस्तर लिहायचं आहे, ती म्हणजे तिथल्या महापालिकेचा पाणीपुरवठा. खात्याचं नाव ‘टूसॉन वॉटर’. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख ४२ हजार भरली. हे खातं आजूबाजूच्या वस्त्या धरून ७ लाखांहून जास्त लोकांना पाणी देतं. बारा महिने, चोवीस तास, नळ सोडला की प्यायचं पाणी.

अमेरिकेत पाणी मिळतं यात काय नवल, असं वाटेल. नवल असं की टूसॉन वाळवंटात आहे. वर्षाचा सरासरी पाऊस २७० मिलिमीटरच्या आसपास. आमच्या लातूरची सरासरी ७०० च्या वर आहे. तरी २०१६ च्या १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, आणि त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लावावी लागली होती. तो उन्हाळा ज्यांनी काढला, त्यांना टूसॉनचा नळ साधा वाटूच शकत नाही.

लातूरकडच्या माणसाला मांजरा धरणाचे आकडे पाठ असतात. पावसाळ्यात आम्ही पेपर उघडतो ते आधी धरणसाठा बघायला. मांजराची जिवंत साठ्याची क्षमता सुमारे १७७ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. टूसॉनला कोलोरॅडो नदीतून दरवर्षी जो वाटा मंजूर आहे तो १ लाख ४४ हजार एकर-फूट. एकर-फूट म्हणजे एक एकर रानात एक फूट उभं राहील एवढं पाणी. ही भाषा मला कळेना, तेव्हा जावयांनी कागदावर गुणाकार करून आकडा पुढं ठेवला: १७८ दलघमी. मी तो पुन्हा करून पाहिला. एक भरलेलं मांजरा, बस तेवढंच. फरक हा की मांजरा दरवर्षी भरत नाही, आणि भरलं तरी लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब, औद्योगिक वसाहत आणि वर ऊस, असे सगळे त्याच्यावर अवलंबून.

आणि कोलोरॅडो काही टूसॉनच्या शेजारून वाहत नाही. लेक हवासू नावाच्या जलाशयातून तब्बल ५४० किलोमीटरचा कालवा काढलाय. १९७३ ला काम सुरू झालं, १९९३ ला पुरं झालं. टूसॉनपर्यंत येताना पाणी जवळजवळ ८८० मीटर वर चढवावं लागतं, त्यासाठी वाटेत चौदा पंपगृहं आहेत. आमची रेल्वे ३४० किलोमीटर चालली तर देशभर बातमी झाली. इथं त्याच्या दीडपट लांबून पाणी रोज येतं, पण ते उचलायला जी वीज लागते ती ॲरिझोनात दुसऱ्या कुठल्याच एका ग्राहकाला लागत नाही. २०१९ पर्यंत त्यातली बरीच वीज कोळशाच्या एका मोठ्या केंद्रातून यायची. ते केंद्र आता बंद झालंय.

पण पैसा आणि वीज असली की सगळं जमतं असं नाही, आणि या सेवेचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग इथंच आहे.

कालवा येण्याआधी टूसॉन पूर्ण भूजलावर होतं, अगदी आपल्यासारखं. उपसा इतका झाला की शहराच्या मध्यभागी पाण्याची पातळी काही ठिकाणी २०० फुटांनी खाली गेली. गावातून वाहणारी सांता क्रूझ नदी कोरडी पडली. १९८० मध्ये राज्यानं भूजलाचा कडक कायदा केला. मग कालव्याचं पाणी आलं, आणि १९९२ च्या नोव्हेंबरात खात्यानं ते शुद्ध करून थेट नळांना सोडलं. जुन्या लोखंडी पाईपांमधून तोवर वर्षानुवर्षं विहिरींचं पाणी वाहिलेलं, त्याचा आतून एक थर बसलेला. नव्या पाण्याचं रसायन निराळं. तो थर सुटला, गंज सुटला, आणि हजारो घरांत तांबडं-तपकिरी पाणी यायला लागलं. धुतलेले कपडे डागाळले, पाणी तापवायच्या टाक्या गळायला लागल्या, खात्याला भरपाया द्याव्या लागल्या. १९९४ मध्ये ते पाणी बंद करावं लागलं. लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. १९९५ मध्ये त्यांनी मतदान करून नियमच करून टाकला की हे पाणी असं थेट आमच्या नळाला सोडायचं नाही.

आता विचार करा. हजारो कोटींचा कालवा दारात येऊन थांबलेला, आणि लोक म्हणतात हे पाणी नको. खात्यानं काय केलं? पाणी आधी जमिनीला पाजलं. शहराच्या पश्चिमेला डोंगरापलीकडं ॲव्हरा खोरं आहे. तिथली बरीच शेतजमीन महापालिकेनं आधीच विकत घेऊन ठेवली होती. त्या जमिनीत लांबरुंद उथळ तळी केली आणि कालव्याचं पाणी त्यांत सोडलं. ते मुरतं, खालच्या जुन्या पाण्यात मिसळतं, मग विहिरींतून वर काढून, त्याचं रसायन पाईपांना मानवेल असं राखून, शहरात येतं. २००१ पासून टूसॉन हे पाणी पितं. शहरातल्या जुन्या विहिरींना त्यामुळे विश्रांती मिळाली आणि मधल्या भागातली पातळी परत वर यायला लागली. आपल्याकडं शेततळं करतात तेव्हा खाली प्लास्टिकचा कागद अंथरून पाणी मुरू देत नाहीत, आणि वर बोअर खोल खोल जात राहतं. तिथं पाणी मुरवणं हीच साठवण.

मला नळाच्या पाण्याची चव कशी लागली, हे बऱ्याच जणींनी विचारलं. कोलोरॅडोचं पाणी क्षारांचं आहे, खातंही ते लपवत नाही. डाळ शिजायला आपल्या बोअरच्या पाण्याइतका वेळ लागत नाही, पण पावसाच्या पाण्याइतकी मऊही शिजत नाही. चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो. पिण्यात काही अडचण नाही. लेकीकडं जारचं पाणी येत नाही, फिल्टरही नाही. गेल्या गेल्या मी तांब्या-भांडं शोधायला लागले, उद्याचं पाणी भरून ठेवायला, तेव्हा ती म्हणाली, “आई, भरून कशाला ठेवतीस? उद्या पण येतंय.” तरी झाकलेला एक तांब्या रात्री उशाशी मी ठेवलाच.

बिल मी मागून घेतलं. ज्यांना शहर ओळखायचं आहे त्यांनी त्या शहराचं पाण्याचं बिल वाचावं, असं माझं मत झालंय. एका युनिटमध्ये सुमारे २,८३० लिटर. दर सगळ्यांना एकच नाही, चार टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात स्वयंपाक, आंघोळ, धुणं एवढ्यापुरतं पाणी येतं आणि ते स्वस्त आहे. पुढच्या टप्प्यात गेलात की दर चढतो, आणि ज्यांच्या घरी हिरवळ आणि पोहण्याचा तलाव आहे ते शेवटच्या टप्प्यात चांगलेच पैसे भरतात. गरिबाच्या हंड्याला आणि श्रीमंताच्या बागेला एकच दर लावायचा नाही, हे त्या कागदावर स्पष्ट दिसतं.

त्याच कागदावर सांडपाण्याचा आकार असतो, आणि तो काढायची रीत मला फार पटली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत घरात सरासरी किती पाणी लागलं ते बघतात आणि त्यावरून वर्षभराचा सांडपाण्याचा आकार ठरवतात. कारण थंडीत झाडांना फारसं पाणी लागत नाही, म्हणजे नळातून आलेलं बहुतेक पाणी गटारातच जातं. उन्हाळ्यात झाडांना घातलेलं पाणी जमिनीत जातं, त्याचे सांडपाण्याचे पैसे का घ्यायचे? सांडपाण्याचं काम पिमा काउंटीकडं आहे, महापालिकेकडं नाही, पण बिल एकच येतं. मीटर प्रत्येक घराला आहे, फुटपाथजवळ जमिनीत एका झाकणाखाली. मी ते झाकण उचलून बघितलं. आत कोळ्याचं जाळं आणि काटा हळूहळू फिरत होता, कारण घरात लेकीनं कपड्यांचं मशीन लावलं होतं.

हे दर सुखासुखी आलेले नाहीत. १९७६ मध्ये नगर परिषदेनं पाणी महाग केलं, उंचावरच्या घरांना पाणी चढवायचा वेगळा आकार लावला. लोक भडकले आणि १९७७ च्या जानेवारीत त्यांनी त्या सदस्यांना पदावरून खाली ओढलं. नवे आले, त्यांनी हिशोब बघितला, आणि दर काही खाली आणले नाहीत. त्याऐवजी त्याच वर्षी मोठी मोहीम काढली: उन्हाळ्यात दुपारी चार ते आठ बागेला पाणी देऊ नका, एक दिवसाआड द्या. त्या मोहिमेचा एक बदक होता, पीट नावाचा. लहान मुलांना तो इतका आवडला की आजही खात्याच्या कार्यक्रमांत तो असतो. लोकांनी हळूहळू हिरवळ काढून वाळवंटी झाडं लावली. आज टूसॉनला लागणारं एकूण पाणी १९८० च्या दशकाच्या मध्यावर लागायचं जवळपास तेवढंच आहे, आणि माणसं मात्र कितीतरी वाढलीत. शिक्षिका म्हणून मला त्या बदकाचं मोल कळतं. मुलं घरी जाऊन आई-बापाला नळ बंद करायला लावतात.

आता पाऊस. तिथंही मान्सून आहे, सरकारी तारखा १५ जून ते ३० सप्टेंबर, आणि वर्षाचा निम्मा पाऊस त्यातच पडतो. २४ जूनला सान ह्वानचा सण असतो, मिरवणूक काढून पावसाची आळवणी करतात. आपल्याकडं आर्द्रा लागलेल्या असतात आणि पाऊस ओढ देत असेल तर पोरं अंगाला लिंबाचा पाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ करत दारोदार फिरतात, तेच दिवस.

पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी ओसरीत बसून होते. दुपारपर्यंत आभाळ निळंशार. तीनच्या सुमाराला उत्तरेच्या कॅटलिना डोंगरावर ढग चढले, वारा सुटला, धूळ उठली, आणि पावसाच्या आधी वास आला. क्रिओसोट नावाचं झुडूप वाळवंटभर आहे, ओलं झालं की त्याचा तीव्र, औषधी वास सुटतो. मग सरी अशा आल्या की रस्ता दिसेना. त्या शहरात पावसाच्या पाण्यासाठी भूमिगत गटारं फारशी नाहीत, पाणी रस्त्यावरूनच वाहतं. मी बघितलं ते असं: रस्त्याच्या कडेला जो सिमेंटचा उंच काठ असतो, त्याला लेकीच्या घरासमोर एक हातभर रुंद खाच कापलेली. रस्त्यावरून वाहणारं पाणी त्या खाचेतून आत वळतं आणि फुटपाथशेजारच्या परातीच्या आकाराच्या उथळ खड्ड्यात उतरतं. खड्ड्याच्या तोंडाशी दगड बसवलेले, म्हणजे माती वाहून जाऊ नये. तळाला लाकडाचे तुकडे आणि पालापाचोळा. मधोमध मेस्किटचं झाड, पण खोड जरा उंचवट्यावर, म्हणजे बुडात पाणी साचून कुजू नये. खड्डा भरला की पाणी दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून पुढच्या घराच्या खड्ड्याकडं. पाऊस थांबला तेव्हा खड्डा काठोकाठ होता. रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन गेलो तर पाणी नव्हतं, सगळं मुरलेलं. डास व्हायला वावच नाही.

ही खाच कापायची कल्पना महापालिकेच्या डोक्यातून निघालेली नाही. डनबार-स्प्रिंग नावाच्या वस्तीत ब्रॅड लँकास्टर नावाचे एक गृहस्थ राहतात. त्यांनी १९९६ पासून शेजाऱ्यांना घेऊन रस्त्याकडेला झाडं लावायला घेतली, आणि रस्त्याचं पाणी झाडांना मिळावं म्हणून परवानगी नसताना काठ कापला. पुढं महापालिकेनं तीच गोष्ट नियमात बसवली. त्या वस्तीत जरूर चालून या, सकाळी. उन्हाळ्यात बाकीचा रस्ता तापलेला असताना तिथं सावली आहे, आणि त्या झाडांना नळाचं पाणी घालावं लागत नाही. झाडं सगळी तिथलीच: मेस्किट, पालो व्हेर्दे, आयर्नवुड, आणि चिल्टेपिन नावाची रानमिरची, मिऱ्याएवढी, पण तोंडात आग लावणारी. मेस्किटच्या शेंगा गोड असतात. त्या वाळवून दळतात आणि पिठाच्या पोळ्या-बिस्किटं करतात. आपल्या माळरानावर माजलेली वेडी बाभूळ याच कुळातली, बाहेरून आलेली. तिच्या शेंगा आपण शेळ्यांना टाकतो.

ज्यांची मुलं टूसॉनला घरमालक आहेत त्यांनी त्यांना हे सांगावं: छताचं पाणी साठवायला आणि अंगणात मुरवायला खातं २,००० डॉलरपर्यंत परतावा देतं. अट अशी की आधी मोफत वर्गाला बसावं लागतं. लेकीनं नाव घातलं आणि मलाही नेलं. हा वर्ग मी शिक्षिकेच्या नजरेनं बघितला आणि मनापासून सांगते, उत्तम होता. शिकवणाऱ्या बाईंनी आधी टाकीचं नाव काढलं नाही. म्हणाल्या, आधी पावसात बाहेर उभं राहा, पाणी कुठून येतं, कुठं जातं ते बघा, मग वरच्या बाजूनं कामाला लागा. मग फळ्यावर गणित: एक हजार चौरस फूट छत, एक इंच पाऊस, सुमारे ६०० गॅलन. प्रत्येकानं आपल्या घराचं गणित करायचं. मी औशाच्या घराचं केलं. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, तेव्हा एक मिलिमीटर पावसाला ९३ लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला धरला तरी ७०० मिलिमीटरला ५२ हजार लिटर. पाच हजारी टँकरचे दहा टँकर, स्वतःच्या डोक्यावर पडतात आणि पाईपातून गल्लीत वाहून जातात. वर्गात कुणालाही माझ्या निम्मा आकडासुद्धा आला नव्हता.

व्यापारी इमारतींना तर सक्तीच आहे. २००८ मध्ये शहरानं नियम केला आणि २०१० पासून लागू केला, की नव्या व्यापारी बांधकामानं बागेला लागणारं निम्मं पाणी पावसाचं वापरलं पाहिजे. अमेरिकेत असा नियम करणारं हे पहिलं शहर.

वापरलेल्या पाण्याचंही सांगते. १९८४ पासून सांडपाणी शुद्ध करून वेगळ्या जांभळ्या पाईपांतून बागा, शाळांची मैदानं आणि गोल्फची मैदानं यांना देतात. जांभळा रंग दिसला की ते पाणी प्यायचं नाही, हे तिथल्या पोरांनाही माहीत आहे. शहराच्या वायव्येला स्वीटवॉटर वेटलँड्स म्हणून पाणथळ राखलंय, याच व्यवस्थेचा भाग. प्रवेशाला पैसे नाहीत. बांधीव पायवाटा आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना चालता येतं, बसायला बाकं आहेत. भल्या सकाळी जावं. पाणकणसांच्या दाटीत बदकं, लाल खांद्याचे काळे पक्षी, आणि कुणी तरी शांतपणे दुर्बीण लावून बसलेलं. डास वाढू नयेत म्हणून वर्षातून एकदा तिथली वाळलेली पाणकणसं मुद्दाम जाळतात. २०१९ च्या जूनमध्ये असंच शुद्ध केलेलं पाणी शहराच्या मध्यभागी सांता क्रूझच्या कोरड्या पात्रात सोडलं. आता तिथं थोड्या अंतरापर्यंत बारा महिने ओढ्याएवढं पाणी वाहतं, आणि नामशेष व्हायला आलेला एक छोटा स्थानिक मासा त्यात आणून सोडलाय.

संध्याकाळी आम्ही त्या काठानं चालायचो. अंधार पडला की आभाळ भरून तारे, एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यात. आसपासच्या डोंगरांवर दुर्बिणी आहेत म्हणून १९७२ पासून दिव्यांवर नियम आहे, उजेड खालीच पडला पाहिजे. आमचे जावई विद्यापीठातल्या दुर्बिणींच्या आरशांच्या कामात आहेत. फुटबॉलच्या स्टेडियमखाली ८.४ मीटर रुंदीचे आरसे ओततात तिथं. तो विषय निराळा आणि मोठा आहे.

खाण्याचंही या पाण्याशी नातं आहे. २०१५ मध्ये युनेस्कोनं टूसॉनला पाककलेचं शहर ठरवलं, अमेरिकेतलं पहिलं. कारणांमध्ये हॉटेलं कमी आणि तिथली चार हजार वर्षांची शेती जास्त. ओओडम आदिवासी तेपारी नावाची घेवड्याच्या जातीची शेंग पिकवतात. पावसाळ्यातल्या एका-दोन पाण्यांवर येते, जास्त पाणी दिलं तर उलट पाला माजतो आणि दाणा धरत नाही. दाणा मटकीहून थोरला, पांढरा किंवा तपकिरी. मी तपकिरी आणली, रात्रभर भिजवली, कुकरला नेहमीच्या उसळीपेक्षा पुष्कळ जास्त शिट्ट्या दिल्या, आणि घरून नेलेलं येसर, म्हणजे आमच्याकडचं भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ, घालून रस्सा केला. दाणा शिजूनही फुटत नाही, आणि येसराच्या खमंगपणाला तो दणकट लागतो. जावयांनी भाकरी कुस्करून दोनदा घेतला. खाताना माझ्या मनात ऊसच होता. मांजराच्या पट्ट्यात आपण प्यायच्या पाण्याच्या उरावर ऊस उभा केलाय आणि हुलगा, मटकी, करडई बांधावरूनही हद्दपार केली.

या सेवेत मला खटकलेलं सांगितलंच पाहिजे. वाळवंटात इतकी गोल्फची मैदानं कशाला? वापरलेल्या पाण्यावर असली तरी तेच पाणी आणखी मुरवता आलं असतं. विमानतळाजवळच्या भागात भूजलात कारखान्यांची रसायनं उतरल्याचं १९८१ मध्ये कळलं, ते पाणी साफ करायला १९९४ पासून प्रकल्प चालवला, आणि २०२१ मध्ये त्याच पाण्यात दुसऱ्या जातीची रसायनं वाढल्यावर तो बंद ठेवावा लागला. ज्यांच्या अंगणाखालचं पाणी बिघडलं ती बहुतेक दक्षिणेकडची, मेक्सिकन कुटुंबांची वस्ती. आणि सगळ्यात मोठी काळजी नदीची. कोलोरॅडोचं पाणी सात राज्यं आणि मेक्सिको वाटून घेतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये इतिहासात पहिल्यांदा त्या नदीवर टंचाई जाहीर झाली आणि पहिली मोठी कपात ॲरिझोनाच्या वाट्याला आली. राज्यातलं जवळपास तीन चतुर्थांश पाणी शेतीला जातं, त्यातलं कितीतरी गुरांच्या चाऱ्याला. शहरानं कितीही काटकसर केली तरी ते त्याच्या हातात नाही. हातात होतं ते मात्र केलं: २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका मोठ्या डेटा सेंटरचा प्रस्ताव आला, लोकांनी पाण्याचा आणि विजेचा प्रश्न लावून धरला, आणि नगर परिषदेनं तो सात विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला.

जाणाऱ्यांसाठी एवढं लक्षात ठेवा. जूनमध्ये ऊन लातूरच्या वर असतं आणि हवा कोरडी, नळाची बाटली भरून सतत जवळ ठेवा. पाऊस बघायचा तर जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट. पाऊस सुरू झाला की कोरड्या ओढ्यातून गाडी घालू देऊ नका, दहा मिनिटांत लोंढा येतो. वर्गाला तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी बसा, फळ्यावरची चित्रं आणि आकडे पुरेसे आहेत.

औशाच्या घराचं काम मी काढलंय. छताला उतार एकाच बाजूनं आहे, त्यामुळे एक चार इंची पाईप पुरतो. खाली वाळू-खडीची गाळणी, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यायला वेगळी तोटी, मग दहा हजार लिटरची टाकी, आणि टाकी भरली की उरलेलं बोअरच्या शेजारच्या शोषखड्ड्यात. मिस्त्री म्हणाला, “बाई, टाकी मोठी घ्या, खड्डा राहू द्या.” मी त्याला कागदावर गणित करून दाखवलं. खड्डा आधी खणायचा ठरलंय, मृगाच्या आत.